दाखला संपल्यानंतर

पूर्वपक्ष : ज्यू धर्म देव आणि समाज यांच्यातील करारावर, म्हणजे दोघांनी एकमेकांना दिलेल्या वचनावर उभा आहे. १९४२ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात वॉर्साच्या घेट्टोतून, म्हणजे ज्यूंना भिंतीआड कोंडलेल्या वस्तीतून, सुमारे २,६५,००० माणसे ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेली गेली, तेव्हा या कराराचा एक पक्षकार गैरहजर होता. त्यानंतरही करार पाळत राहण्याला श्रद्धा म्हणावे की सवय?

उत्तरपक्ष : परंपरेत यासाठी ‘हेस्तेर पानिम’, म्हणजे देवाने मुख लपविणे, अशी संज्ञा आहे. माणसाला स्वातंत्र्य द्यायचे तर देवाला हात आवरावा लागतो, असे ज्यू विचारवंत एलिएझर बेर्कोव्हिट्स यांनी १९७३ मध्ये मांडले.

पूर्वपक्ष : स्वातंत्र्य मारेकऱ्यांना मिळाले आणि किंमत मुलांनी मोजली. हा हिशेब ज्याला मान्य आहे, त्या देवाला नाकारणेच अधिक धार्मिक ठरेल.

(येथे उत्तरपक्ष निरुत्तर होतो, हे नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. तो सिद्धांत सोडून एका हस्तलिखिताकडे वळतो.)

उत्तरपक्ष : पियासेच्नोचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, कालोनिमुस काल्मान शापिरा यांचा एकुलता मुलगा सप्टेंबर १९३९ च्या बॉम्बहल्ल्यात दगावला, तरीही १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत ते घेट्टोत प्रवचने देत आणि लिहून ठेवत. अशी संकटे पूर्वजांवरही आली होती, मग आताच श्रद्धा का डळमळावी, असे त्यांनी १९४१ च्या हनुक्का सणात, म्हणजे दिव्यांच्या उत्सवात, श्रोत्यांना बजावले होते. पुढल्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी ते प्रवचन खोडले नाही, मात्र त्याला टीप जोडली, की हे बोलणे तोवरच्या दुःखालाच लागू होते आणि नंतर जे घडले त्याला इतिहासात दाखला नाही.

पूर्वपक्ष : दाखला हाच आधार असेल, तर त्या टिपेत श्रद्धा हरली.

उत्तरपक्ष : हरला तो दिलासा. श्रद्धाच हरली असती, तर ऐकणारे बहुतेक मारले गेल्यावर जुने वाक्य दुरुस्त करण्याचे कारण काय होते?

पूर्वपक्ष : सत्य. तेवढ्यासाठी नास्तिकही दुरुस्ती करतो.

उत्तरपक्ष : करतो, हे खरे. नोव्हेंबर १९४३ मध्ये शापिरा मारले गेले. ती पाने मात्र घेट्टोतील इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम यांच्या गुप्त दस्तऐवज-संग्रहासोबत दुधाच्या कॅनमध्ये पुरलेली होती आणि १९५० मध्ये ढिगाऱ्याखालून निघाली. ज्याच्या हाती लागतील त्याने ती पोचवावीत, अशी विनंती करणारे पत्र सोबत होते.

पूर्वपक्ष : पत्ता तेल अवीवमधल्या भावाचा होता, आणि पाने पोचवायची होती ती कोणा अनोळखी माणसाने.