दृष्ट कारण आणि दैव

यज्ञातील व्रीही उखळात कांडावेत असा विधी आहे, आणि त्या कांडण्याचे फल कोणते असा प्रश्न मीमांसकांपुढे आला तेव्हा त्यांनी दिलेला निकाल मला आपल्या धर्मविचारातील अत्यंत प्रामाणिक निकालांपैकी एक वाटतो. कांडल्याने तूस निघते, हे डोळ्यांना दिसणारे फल समोर असताना त्याच क्रियेला केवळ न दिसणारे फल चिकटविण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे त्यांनी ठरविले. त्याच व्रीहींवर जे पाणी शिंपडावयाचे त्याचे दृश्य प्रयोजन मात्र काही सापडेना, म्हणून तेथे त्यांनी अदृष्टाला प्रवेश दिला. वेदाला सर्वस्वी प्रमाण मानणाऱ्या माणसांनी हा दंडक स्वतःवर घालून घेतला होता, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण प्रारब्ध, कोप, देवाची इच्छा ही कारणे आज आपण ज्या सैलपणाने पुढे करतो, त्या सैलपणालाच आपण श्रद्धा समजून बसलो आहो.

दैवाचे नाव घेण्याचा अधिकार माणसाला केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न पुण्यातील बावधनच्या एका गॅरेजात मला फार स्पष्ट स्वरूपात दिसला. पौडाकडचे एक गृहस्थ वडिलांच्या वेळची बुलेट घेऊन तेथे आले होते. मद्रासेत 1955 पासून ज्या गाड्या बनू लागल्या त्या घराण्यातली ही गाडी, पॉइंट आणि कंडेन्सर असलेली. गृहस्थांची कैफियत अशी, की गाडी पौडाहून भूगावपर्यंत विनातक्रार येते, पण बावधन ओलांडून चांदणी चौकाचा चढ लागला की मिसिंग करीत करीत बंद पडते. मग कितीही किका मारा, दाद देत नाही. जेजुरीचा एक नवस वडिलांच्या हातून फेडायचा राहून गेला होता, त्याची आठवण होऊन ते रस्त्याच्या कडेला बसून खंडोबाचे नाव घेत. आणि अर्ध्या तासाने पहिल्याच किकला गाडी सुरू होई. असे एकदा नव्हे, वारंवार घडले होते. एवढा साक्षीपुरावा हाती असलेल्या माणसाला भोळा म्हणणे अन्यायाचे होईल.

मिस्त्री वयाने लहान होता. तो म्हणाला, “काका, नवसाचं नंतर बघू. आधी गाडी तापलेली असताना आणा, गार नको.”

दुसऱ्या खेपेस गाडी चढावरून ढकलीत खाली आणली तेव्हा त्याने प्रथम प्लग काढून पाहिला. काजळी नव्हती, पेट्रोलचा ओलावा नव्हता, पांढरेपणाही नव्हता. टोकाशी चिनीमाती बिस्किटी रंगाची होती, म्हणजे मिश्रण ठीक होते. प्लग सिलिंडरच्या फिन्सवर टेकवून किक मारली, तर बारीक पिवळसर ठिणगी पडली. “करंट तर आहे,” असे गृहस्थ म्हणाले; परंतु मोकळ्या हवेत पडलेली ठिणगी ही सिलिंडरच्या आतील ठिणगीचा दाखला होत नाही, कारण दाबलेल्या मिश्रणातून उडी घ्यावयास विजेला कितीतरी अधिक दाब लागतो. केवळ प्रत्यक्षाला प्रमाण मानणाऱ्या चार्वाकाची येथे पंचाईत झाली असती. मिस्त्रीने प्लगची कॅप काढली, वायरचे टोक कापून नव्याने बसविले, दार लोटून अंधारात वायर वाकवून कोठे निळा प्रकाश गळतो काय ते पाहिले, पॉइंट घासून फिलर गेजने त्यातील अंतर लावले, कंडेन्सर बदलला; आणि यांतील प्रत्येक गोष्ट एकेकटी करून, दर खेपेस गाडी पुन्हा तापवून चढावर नेली. ती दर खेपेस बंद पडली. शेवटी दुसऱ्या गाडीची कॉइल लावली, आणि गाडी चढ ओलांडून गेली.

एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, हा त्याचा नेम म्हणजे नैयायिकांचा व्यतिरेकच होय: कारण काढले की कार्यही थांबते काय, ते पाहणे. दोन गोष्टी बरोबर दिसल्या, एवढ्याने निकाल लागत नाही. जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघावयास ओल्या सर्पणाचा संयोग लागतो, आणि मधल्या या गुप्त अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. (वेताळ टेकडीपलीकडल्या भांडारकर संस्थेने 1928 साली काढलेला झळकीकरांचा न्यायकोश ज्याने चाळला असेल, त्याला या विचाराचा सूक्ष्मपणा ठाऊक असेल.) गृहस्थांच्या अनुमानातील उपाधी उष्णता ही होती. पौडापासूनच्या वाटचालीत तापत आलेल्या कॉइलचे जुने वेष्टन चढाच्या सुमारास आतल्या आत वीज गळू देई, आणि नामस्मरणाच्या अर्ध्या तासात ती निवे. तो चढ हा कुंभाराच्या गाढवासारखा निघाला: माती आणताना हजर असतो खरा, पण घटाच्या कारणांत त्याची गणना होत नाही.

येथे एक हरकत गंभीर आहे. लोहचुंबकाकडे सुई धावते त्याचे कारण कणादांच्या वैशेषिकसूत्रांत अदृष्ट असे दिले आहे. आणि कॉइल तर चुंबकत्वावरच चालते. पॉइंट उघडताच आतील चुंबकक्षेत्र कोसळते आणि बारीक तारेच्या वेढ्यांत हजारो व्होल्ट उत्पन्न होतात, हा फॅरडेने 1831 साली दाखविलेल्या नियमाचाच प्रताप. कणादांचे अदृष्ट असे एकेका प्रांतातून बेदखल होत गेले, तर उरले काय? माझे मत असे की, घटनांची कारणे पुरविणे हे काम अदृष्टाकडे मुळात सोपवावयासच नको होते. कारणांच्या प्रांतात त्याला दिलेली प्रत्येक मुखत्यारी पुढे काढून घ्यावी लागते आणि त्या वेळी धर्माची अप्रतिष्ठा होते. तो दोष काढून घेणाऱ्याचा नसून आधी देणाऱ्याचा असतो.

गाडी दुरुस्त झाल्यावर मी त्या गृहस्थांना आता नवसाचे काय, असे विचारले. ते म्हणाले, “कॉइल बदलली म्हणून नवस फिटला असं कसं म्हणू?” त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. आजवर जेजुरीला जाणे हा गाडी चालू राहण्याचा मोबदला ठरला असता, आणि देवाशी असा सौदा करण्यात त्यांनाही समाधान नव्हते; आता त्या नवसात दिलेल्या शब्दावाचून दुसरे काही उरलेले नाही. वडिलांचे ऋण मुलाने फेडावे असे धर्मशास्त्र सांगते; परंतु देवाला दिलेले वचन त्या ऋणात मोडते काय, की ते देणाऱ्याबरोबरच संपते, याचा निर्णय कोणत्याही अवजाराने होणारा नाही, आणि तो त्यांना गाडी व्यवस्थित चालू असताना करावा लागणार आहे.