गळ काढल्यावर

"काका, आज द्वितीया मां?" होडीवाल्यानं विचारलं आणि मी होय म्हणायच्या आत त्याचा हिशेब झालासुद्धा. दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडला भरती, म्हणजे सकाळी सव्वासातच्या सुमाराला पुरी सुकती. कार्तिक वद्य द्वितीया होती, पौर्णिमा नुकतीच सरलेली, त्यामुळे उधाणाचं पाणी लांबवर ओसरणार होतं. आमच्या श्रीगोंद्यात पंचांग उघडतात ते एकादशी कधी आणि मुहूर्त कुठला हे बघायला. इथे देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी, एक माणूस तिथीवरून पाणी वाचत होता. मला तो तिथेच आवडला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझं भांडण त्याच्याशी नाही.

मी माळकरी. बाविसाव्या वर्षी पंढरपुरात तुळशीची माळ घातली, तेव्हापासून मासे-मटण नाही. पुतण्या पुण्याला नोकरीला आहे; सुट्टी मिळाली की गळ घेऊन समुद्र गाठतो. गळाला लागलेला मासा मात्र तो सोडून देतो. "मारत नाही हो तात्या आम्ही. धरतो, बघतो, सोडतो. एकदा बघायला तरी चला," असं दोन वर्षं म्हणत होता. त्याच्या मोबाइलवर मी बहामा बेटांचे आणि फ्लोरिडाच्या टोकाचे व्हिडिओ पाहिले होते. तिथे घोट्याएवढ्या, गुडघ्याएवढ्या पाण्याखाली कोसच्या कोस वाळू पसरलेली असते. वाटाड्या होडीच्या मागच्या मचाणावर उभा राहून लांब काठीनं होडी ढकलतो, कारण इंजिनाच्या आवाजानं मासा पळतो. पाण्यात सावली दिसली की तो दिशा सांगतो आणि गिऱ्हाईक तिथे आमिष टाकतं. बोनफिश नावाचा चंदेरी मासा असा धरतात आणि बहुतेक वेळा सोडून देतात. कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. आपल्याकडे एवढा पसारा नाही, पण मालवणकडचे काही होडीवाले आता लोकांना असं गरवायला नेतात. गळानं मासे धरणं म्हणजे गरवणं, हा शब्द मी तिथे शिकलो.

होडीत बसल्या बसल्या पुतण्यानं गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट केला. तो काटा असला की गळ ओठात रुतून बसतो. सपाट केला की सहज निघतो. दाबून झाल्यावर त्यानं बोटाचं टोक त्यावरून फिरवलं, कुठे खरखर राहिली का ते पाहिलं आणि पुन्हा एकदा दाबलं. ही काळजी दिखाऊ नव्हती. लहानपणी विंचवाला काडीनं उचलून बांधापलीकडे टाकणारा पोरगा तो, त्याचा हात मला ओळखू येतो.

वाळूच्या पट्टीवर उतरलो. पाणी नडगीपर्यंत. "पाय उचलू नका, घसटत चला," होडीवाला म्हणाला. वाळूत पाकट दडून बसतं, त्याच्या शेपटीला काटा असतो. शिवाय, "माशाक पावलां कळतत." माशाच्या दोन्ही कुशींवरून एक रेघ जाते, तिच्यातून त्याला पाण्यातली थरथर कळते, हे मी शाळेत शिकवलं होतं, पण त्या थरथरीत माझी स्वतःची पावलं धरली नव्हती. "थंय बघा, पाणी उलट्या बाजून हलता." मला नुसती चकाकी दिसत होती. पुष्कळ वेळानं, तेही त्यानं माझी हनुवटी धरून मान वळवल्यावर, एक तपकिरी सावली दिसली. एवढ्या शांतपणे, एवढा वेळ मी कशाकडेच पाहिलं नसेल. गाभाऱ्यातसुद्धा मागच्या माणसाचा धक्का असतो.

आणि मग ते झालं. पुतण्या चष्मा पुसायला लागला, "तात्या, जरा धरा," म्हणून रॉड माझ्या हातात दिला आणि त्याच घटकेला दोरी ताणली गेली. रीळ किरकिरलं. हाताला जो हिसका बसला तो थेट छातीपर्यंत गेला. मी रॉड सोडून द्यायला हवा होता. मी तो दोन्ही हातांनी आवळला. मनात एकच होतं: सुटू नये. विठ्ठल आठवला नाही, माळ आठवली नाही, जीव आठवला नाही. आनंद झाला, आणि तो निखळ होता. हे मी लपवणार नाही, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

तांबोशी होती, दीड वीत लांब, तांब्याच्या घागरीला राखेनं घासल्यावर येतो तसल्या रंगाची. होडीवाल्यानं ओल्या हातानं तिला पोटाखाली धरलं आणि गळ काढायला क्षणभर पाण्याबाहेर घेतलं. तोंड उघडत होतं, मिटत होतं. कल्ल्याचं झाकण उचललं जाई तेव्हा आतला लाल झालरीसारखा भाग दिसे, आणि तो कोरड्या हवेत काहीतरी शोधत असल्यासारखा थरथरे. आम्ही वारकरी देवासाठीची तळमळ सांगताना पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीचा दृष्टांत देतो. मी तो वर्गात आणि भजनात शेकडो वेळा रंगवून सांगितला आहे. माणसं डोळे पुसत. आणि पाण्याबाहेर काढलेली मासोळी मी त्या सकाळपर्यंत अशी जवळून कधी पाहिली नव्हती. दुसऱ्याच्या गुदमरण्यातून मी माझ्या भक्तीला उपमा घेतली होती आणि ते गुदमरणं कसं असतं याची चौकशीही केली नव्हती.

"तेका जरा दम घेऊंदे," म्हणत त्यानं तिला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरलं. हात काढला तशी ती कुशीवर कलंडली. थोड्या वेळानं सरळ झाली आणि गेली. पुतण्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही. होडीवाला हात धुत म्हणाला, "आमच्या घरात ह्येची कढी झाली असती, काका." तक्रार नव्हती त्यात. मला मात्र वाटलं, तिघांमध्ये त्या माशाशी सरळ नातं याचंच आहे.

परतीच्या वाटेवर काका-पुतण्याचं खूप बोलणं झालं. पुतण्यानंच सांगितलं की २००३ साली लिन स्नेडन यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर स्कॉटलंडमध्ये ट्राउट माशांवर प्रयोग केले. ओठात आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत राहिले आणि बराच वेळ त्यांनी खाणं टाकलं. माशाला होतं ते आपल्यासारखं दुखणं की नुसती शरीराची प्रतिक्रिया, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण ओठ घासणारा मासा डोळ्यांपुढे आणला की त्या वादाची वाट पाहावीशी वाटत नाही. दुसरी गोष्ट ऐकून मी गप्पच झालो. स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनी, सोडून देण्याच्या इराद्यानं मासा गळाला लावायला बंदी घातली. धरायचा तर खाण्यासाठी धरा. जर्मनीच्या कायद्याचाही रोख तोच: सबळ कारणाशिवाय मुक्या जिवाला वेदना द्यायची नाही, आणि मौज हे सबळ कारण नव्हे. "म्हणजे तात्या, मी ती तांबोशी खाल्ली असती तर तुम्हाला चाललं असतं?" त्यानं विचारलं. चाळीस वर्षं माळ घातलेल्या माणसाला होय म्हणणं जड गेलं. पण मी होय म्हणालो.

गावी आल्यावर शेजारच्या जैन आजोबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी मृगसेन धीवराची गोष्ट काढली. धीवर म्हणजे कोळी. त्याला मुनींनी एवढंच व्रत दिलं होतं की जाळ्यात येणारा पहिला मासा मारायचा नाही. त्यानं पहिला मासा खुणेला चिंधी बांधून सोडला. दिवसभरात पाच वेळा तोच मासा जाळ्यात आला आणि पाचही वेळा त्यानं तो सोडला. रिकाम्या हातानं घरी गेला तर बायकोनं दार लावून घेतलं. बाहेरच निजला आणि रात्री साप चावून मेला. पुढच्या जन्मी पाच वेळा त्याचा जीव वाचला, असं कथा सांगते. मला तो पुढचा जन्म तितकासा लागत नाही. मला ते बंद दार लागतं. त्यानं जे सोडलं ते त्याच्या घासातलं होतं. आम्ही सोडलं ते आम्हाला नकोच होतं. देवबागच्या त्या दुपारी पुतण्यानं सुरमईची थाळी घेतली आणि मी सोलकढी-भात. जे हवंच नव्हतं ते परत करून दया कशी घडेल?

आजोबांनी आणखी एक सांगितलं. त्यांच्या शास्त्रात द्रव्यहिंसा वेगळी आणि भावहिंसा वेगळी. प्रत्यक्ष जीव गेला की नाही हे एक, आणि मनात रागलोभाचा कोणता वारा सुटला हे दुसरं. तांबोशी जगली असेल. बहामातल्या संशोधकांनी पाहिलं आहे की सोडल्यावर तोल गेलेला बोनफिश शार्कच्या तोंडी जायचा संभव फार वाढतो, तरी आपण धरू की ती जगली. "सुटू नये" म्हणून आवळलेल्या माझ्या मुठीचं काय? गळ तिच्या ओठातून निघाला.

आमच्या गावात शेख महंमद महाराजांची समाधी आहे. मुसलमान घरात जन्मलेले, चांद बोधल्यांचे शिष्य, वारकऱ्यांनी आपले मानलेले. त्यांच्या ग्रंथाचं नाव 'योगसंग्राम'. लढाईच आहे ती, पण माणसाची स्वतःच्या मनाशी. पुतण्या मासा लागला की म्हणतो, "काय फाइट दिली!" तांबोशीसाठी ती जीव वाचवायची धडपड होती. हा खेळ आहे हे तिला कुणी सांगितलं होतं?

इथवर येऊन मी निवाडा देऊन मोकळा झालो असतो. पण पुतण्याचं एक वाक्य मला मोकळं होऊ देत नाही. कर्लीच्या खाडीत वाळूउपसा चालतो तेव्हा अर्ज-तक्रारी करणाऱ्यांत हे गरवणारे असतात, कारण मासा कुठे उभा राहतो ते त्यांना ठाऊक असतं. "तुम्ही खात नाही तात्या, पण तुम्ही कधी बघितलं का त्यांच्याकडे?" आमच्या तालुक्याच्या अंगावरून भीमा आणि घोड वाहतात. दोन्ही नद्यांची वाळू माझ्या देखत ट्रकांनी गेली. पात्रात खड्डे राहिले. मी त्या काळात एकादशी चुकवली नाही आणि एक अर्जही केला नाही. न खाणं म्हणजे माया नव्हे, हे त्या पोरानं मला शिकवलं. त्याचं प्रेम खरं आहे. त्याच्या प्रेमाला गळ कशाला लागतो, एवढंच माझं त्याला विचारणं आहे, आणि तो अजून उत्तर शोधतो आहे. मीही.

एक जुनं देणं होतं. तरुणपणी पेडगावच्या बाजूला एका शाळेत होतो. बहादूरगडाच्या तटाखालून भीमा जाते, तिथल्या भोयांची मुलं वर्गात असायची. एकदा मी दयेवर बोलताना मासे मारणं पाप असं ठासून सांगितलं. मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला: "मंग गुर्जी, आम्ही काय खायाचं?" मी त्याला खाली बस म्हणालो. पुढं दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. माझ्यामुळे गेला, असं इतकी वर्षं मनात राहिलं.

देवबागहून आल्यावर त्याला शोधत पेडगावला गेलो. घाटाजवळ जाळं दुरुस्त करत बसला होता, केस पिकलेले. मी हात जोडले आणि त्या दिवसाचं सांगितलं. त्याला काहीच आठवेना. "शाळा व्हय? त्या साली बाप पडला आजारी, मंग कारखान्यावर गेलो कोयता घिऊन. तुमचं काय न्हाई त्यात." मग मी देवबागची गोष्ट सांगितली; धरायचा आणि सोडायचा. त्यानं सुईचा दोरा दातानं तोडला, विचार केला आणि जाळं माझ्यापुढे ओढलं. माझी दोन बोटं धरून त्यानं जाळ्याच्या आसातून आरपार घातली. "आस एवढा ठिवला की बारकं आपसूक निघून जातंय, गुर्जी. त्याला हात लावायचंच काम न्हाई." बोटांना नायलॉन ओला लागत होता. घरातून त्याच्या सुनेनं चहा आणला, आणि मी कप घ्यायला बोटं त्या आसातून बाहेर काढली.