मूत्रपिंड दुखत नाही

ल्युपसमध्ये सांधे दुखतात, ताप येत-जात राहतो, केस गळतात, नाक आणि दोन्ही गालांवर लाली उमटते, सकाळी अंथरुणातून उठतानाच अंगातले बळ संपलेले असते. या सगळ्याबद्दल माणूस तक्रार करतो. मूत्रपिंडावर मात्र आजाराने घाला घातला, तरी मूत्रपिंड दुखत नाही. लघवीतून प्रथिने वाहून जाऊ लागतात, लघवीला फेस येतो, पण त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पावले सुजतात, ती दिवसभराच्या कामाने सुजली असे वाटते. ल्युपसच्या रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना कधी ना कधी मूत्रपिंडाचा दाह होतो. त्यांतल्या दहा ते वीस टक्के लोकांची मूत्रपिंडे पुढच्या दहा वर्षांत निकामी होतात. रुग्णांत दर दहांपैकी नऊ स्त्रिया असतात आणि आजार सुरू होतो तो बहुधा पंधरा ते पंचेचाळीस या वयात. म्हणजे ज्या वयात शिक्षण, लग्न, बाळंतपण आणि कमाई एकमेकांत गुंतलेली असतात, नेमके त्याच वयात.

गेल्या पंधरा वर्षांत या आजारावरच्या संशोधनाने जेवढी मजल मारली, तेवढी त्याआधीच्या पन्नास वर्षांत मारली नव्हती. त्या संशोधनाचा सोलापूरसारख्या जिल्ह्याला आज नेमका काय उपयोग, हा माझा प्रश्न आहे. सर्वांत महागडे औषध आपल्याकडे कधी येईल, याची वाट पाहणे हे त्याचे उत्तर नव्हे. याच संशोधनाने तीन साध्या गोष्टी पक्क्या केल्या आहेत: लघवीची नियमित तपासणी, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनची न खंडणारी गोळी आणि स्टिरॉइडचा आवरता हात. यांतली एकही गोष्ट जिल्ह्याच्या आवाक्याबाहेरची नाही. त्या होत नसतील, तर अडचण विज्ञानाची नसून आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या रचनेची आहे.

ल्युपसमध्ये शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच पेशींच्या केंद्रकावर, त्यातल्या डीएनएवर प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे गुठळीसारखी एकवटून मूत्रपिंडाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथे दाह सुरू होतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्हज यांनी 1948 मध्ये या आजाराची खूण सांगणारी पेशी दाखवली आणि निदानाला पहिला आधार मिळाला. पुढच्याच वर्षी कॉर्टिसोन आले. तोवर जीव घेणारा हा आजार स्टिरॉइडमुळे आवरता येऊ लागला. 1955 मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनला मान्यता मिळाली. त्यानंतर अमेरिकेत ल्युपससाठी खास तयार केलेले नवे औषध मान्य व्हायला 2011 साल उजाडले. ते बेलिमुमॅब. मग वेग वाढला. मूत्रपिंडाच्या दाहासाठी 2020 च्या अखेरीस बेलिमुमॅबला, लगेच 2021 च्या जानेवारीत व्होक्लोस्पोरिनला आणि 2025 मध्ये ओबिनुटुझुमॅबला तिथे मान्यता मिळाली.

सर्वांत थक्क करणारे काम जर्मनीतल्या एरलांगेनचे. गेऑर्ग शेट यांच्या गटाने 2021 मध्ये ल्युपसने जर्जर झालेल्या वीस वर्षांच्या एका तरुणीला तिच्याच रक्तातल्या टी-पेशी जनुकीय बदल करून परत दिल्या. त्या पेशींनी प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशींचा पुरता निचरा केला. नंतर नव्या बी-पेशी आल्या, पण आजार परतला नाही. 2024 च्या फेब्रुवारीत याच गटाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात ल्युपसचे आठ रुग्ण होते. आठही जणांचा आजार शांत झाला होता आणि आठही जणांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद झाली होती. हे तंत्र आपल्यापासून फार दूर नाही. पवईच्या आयआयटीत आणि टाटा मेमोरिअलमध्ये घडलेल्या भारतीय बनावटीच्या अशाच उपचाराला 2023 मध्ये मान्यता मिळाली. तो आज रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे आणि परदेशातल्या खर्चाच्या मानाने खूप स्वस्त असला, तरी त्याची किंमत काही दशलक्ष रुपयांत जाते. आठ रुग्णांचा अनुभव हा आशेला पुरेसा आहे, धोरणाला नाही.

इतर नव्या औषधांचे आकडेही नीट वाचायला हवेत. बेलिमुमॅबच्या चाचणीत 448 रुग्ण होते. दोन वर्षांनंतर नेहमीच्या उपचारांना या औषधाची जोड मिळालेल्यांपैकी 43 टक्के रुग्णांच्या मूत्रपिंडांनी अपेक्षित प्रतिसाद दिला, जोड न मिळालेल्यांत 32 टक्के. ओबिनुटुझुमॅबच्या चाचणीत हेच प्रमाण सुमारे 46 आणि 33 असे होते. फरक खरा आहे आणि ज्या रुग्णाला तो लाभतो तिच्यासाठी मोलाचा आहे. पण उत्तमातले उत्तम औषध देऊनही निम्म्याहून अधिक रुग्ण त्या टप्प्यावर पोहोचले नाहीत, हेही याच आकड्यांत लिहिलेले आहे. मूत्रपिंडात एकदा व्रण धरला की तो कोणतेही औषध पुसत नाही. म्हणून औषध कोणते, याइतकेच ते कधी सुरू झाले, हे महत्त्वाचे ठरते.

हा 'कधी' सोलापुरात कसा लांबतो, ते पाहू. इथल्या पूर्वभागात हजारो बायका घरी बसून बिड्या वळतात. मजुरी हजारी बिड्यांच्या हिशेबाने, म्हणजे बोटांच्या वेगावर. सकाळी बोटे आखडली, सुजली, तर ती कामानेच सुजली असा समज होणार. उन्हाळ्यात पारा चाळीशी ओलांडून बराच वर जातो. ल्युपसमध्ये ऊन आजार भडकवते आणि गालांवरची लाली उन्हात वाढते. पण सोलापूरच्या उन्हात गाल लाल झाले, पुढे काळवंडले, तर त्याला वांग म्हणून मलम लावले जाते. सांध्यांसाठी वेदनाशामक गोळी, तापासाठी वेगळी गोळी, केसांसाठी तेल, थकव्यासाठी रक्तवाढीचे औषध. प्रत्येक तक्रारीला उत्तर मिळते आणि तक्रारींमागचा एकच आजार निसटतो. शिवाय ठरावीक वेदनाशामके दीर्घकाळ घेतली, तर आधीच धोक्यात असलेल्या मूत्रपिंडावर ती आणखी भार टाकतात. घरात आजारी पडायची पाळी बाईची आली की दुखणे अंगावर काढण्याची रीत आहेच. लग्नाची मुलगी असेल, तर आजाराचे नावही बाहेर जाऊ नये अशी धडपड असते. संशोधनाने कमावलेली वर्षे अशा दिरंगाईत खर्ची पडतात.

असे रुग्ण किती असतील? दिल्लीच्या परिसरात डॉ. ए. एन. मालवीय यांनी केलेल्या आणि 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे सुमारे तीन रुग्ण आढळले होते. अमेरिकेतला अलीकडचा अंदाज लाखामागे 73 च्या आसपास आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या 43 लाखांहून थोडी अधिक. पहिल्या हिशेबाने जिल्ह्यात सुमारे 130 रुग्ण येतात, दुसऱ्याने तीन हजारांवर. एवढे मोठे अंतर असताना खाटा, औषधे आणि तज्ज्ञ यांचे नियोजन कशाच्या आधारावर करणार? आणि घरोघर जाऊन शोधणे अशक्य नाही, हे सोलापूरच्या वाटेवरच सिद्ध झालेले आहे. पुणे-सोलापूर मार्गावरच्या भिगवणला 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून घरटी पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे 18 टक्के लोकांना सांधे-स्नायूंची दुखणी असल्याचे त्यातून कळले. ती पाहणी ल्युपसपुरती नव्हती, पण ग्रामीण भागात सांधेदुखीच्या आजारांची शिस्तशीर मोजणी होऊ शकते, हे तिने दाखवून दिले.

आता व्यवस्थेच्या रचनेकडे वळू. राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 च्या जुलैमध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. पुढे ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. आज तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपये आहे. गरिबाला मोठ्या रुग्णालयाचा उंबरठा ओलांडता आला, हे या योजनेचे मोठेच काम आहे. पण तिचा गाभा ठरावीक प्रक्रियांचा आणि दाखल झालेल्या रुग्णाचा. मूत्रपिंड निकामी झाल्यावर डायलिसिसचा खर्च योजना उचलते. ते निकामी होऊ नये म्हणून वर्षानुवर्षे घ्यायच्या गोळ्या आणि दर तीन महिन्यांच्या तपासण्या मात्र बाह्यरुग्णाच्या खात्यात, म्हणजे बहुधा तिच्या स्वतःच्या खिशात. शेवटाला पैसे आहेत, सुरुवातीला नाहीत.

दुसरी फट वयाची. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांसाठी आशाताई घरोघर जी नोंद करतात, ती वयाच्या तिशीपासून. ल्युपस अनेकींना त्याआधीच गाठतो. पण त्याच वेळी एक गोष्ट आपल्याकडे आधीपासून आहे. गरोदर स्त्रीच्या प्रत्येक तपासणीत लघवीतली प्रथिने पाहायची, असा शिरस्ता आहे. त्यासाठीची पट्टी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात असते, ती वापरायला नर्सताई शिकलेल्या असतात. मग गरोदर नसलेल्या पंचविशीतल्या बाईला सहा आठवड्यांहून अधिक सांधेदुखी असेल आणि सोबत ताप, चेहऱ्यावर लाली, तोंडात वारंवार फोड, केसगळती किंवा पायांवर सूज यांपैकी काही असेल, तर तीच पट्टी तिच्यासाठी का वापरू नये? लघवीत प्रथिने आढळली, तर तिला थेट सोलापूरच्या सिव्हिल रुग्णालयात पाठवावे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. विरळ आजारासाठी सगळ्यांची चाचणी करत सुटलो, तर पैसा वाया जाईल आणि भीती पसरेल. ल्युपसच्या निदानातली एएनए ही रक्तचाचणी अनेक निरोगी लोकांतही होकारार्थी येते, हे खरे आहे. म्हणूनच मी सरसकट एएनए करा असे म्हणत नाही. लक्षणे असलेल्या बाईची लघवी आणि रक्तदाब तपासा, एवढेच म्हणतो. त्यात ल्युपस सापडला नाही, तरी मूत्रपिंडाचा दुसरा एखादा आजार वेळेत सापडू शकतो. ही तपासणी वाया जात नाही.

औषधांच्या बाबतीतही संशोधन साधेच सांगते. कॅनडातल्या 1991 च्या अभ्यासात हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन बंद केलेल्यांत आजार भडकण्याचे प्रमाण अडीचपट आढळले. गोळी काही रुपयांची. ती गरोदरपणातही चालू ठेवायची असते. विशिष्ट प्रतिपिंडे असलेल्या मातांच्या बाळांना हृदयाचे ठोके मंदावण्याचा धोका असतो. ज्यांचे आधीचे मूल असे बाधित होते, अशा मातांत हा धोका या गोळीने निम्म्याहून कमी होतो, असे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्याच वर्षी मार्चमध्ये करोनावर तिचा उपयोग होईल या आशेने तिला मागणी आली आणि जगाला ही गोळी पुरवणाऱ्या आपल्याच देशात ल्युपसच्या रुग्णांना ती मिळेना. ज्यांच्यासाठी औषध सिद्ध झाले होते, त्यांचा साठा जिल्ह्यात वेगळा राखला जात नव्हता. तो आता राखायला हवा. दीर्घकाळ गोळी घेणाऱ्यांची डोळ्यांची तपासणीही त्याच नियोजनात यावी.

स्टिरॉइडचे उलट आहे. ते जीव वाचवते, म्हणून त्याचा मोह पडतो. जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन् महिने तीच मात्रा घेतली जाते. हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते आणि क्षयासारखे जंतुसंसर्ग बळावतात. भारतातल्या ल्युपस रुग्णांच्या मृत्यूंत जंतुसंसर्गाचा वाटा मोठा असल्याचे इथल्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे. युरोपातल्या तज्ज्ञांच्या 2023 च्या शिफारशी सांगतात की आजार आवरल्यावर रोजची मात्रा पाच मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असावी, जमल्यास बंद व्हावी. हे उतरवणे डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायचे, मनाने एकदम सोडायचे नाही.

आणि आपल्या रुग्णांवरचे संशोधन आपणच केले पाहिजे. मूत्रपिंडाच्या दाहावरच्या सायक्लोफॉस्फामाइड या औषधाची युरोपातून आलेली अल्प मात्रा स्वस्त आहे. चंडीगडच्या 2016 च्या चाचणीत ती मायकोफेनोलेट या दुसऱ्या औषधाच्या बरोबरीची ठरली. दिल्लीच्या एम्समधल्या 2018 च्या चाचणीत मात्र जुनी मोठी मात्रा सरस दिसली. कोणत्या रुग्णाला कोणती मात्रा, याचा निकाल एरलांगेनमध्ये लागणार नाही. तो इथल्या नोंदींतूनच लागेल.

सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला 1963 पासूनचा वारसा आहे. त्याच्या सर्वोपचार रुग्णालयात धाराशिव, विजयपुरा, कलबुर्गी इथूनही माणसे येतात. मराठी, कन्नड, तेलुगू या तिन्ही भाषांत आजार सांगणारे कर्मचारी याच शहरात मिळतात. औषधवैद्यकशास्त्र, त्वचा, मूत्रपिंड आणि स्त्रीरोग या विभागांनी आठवड्यातला एक दिवस या रुग्णांसाठी एकत्र बसावे. संधिवाततज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत, तर त्यांनी त्या दिवशी पडद्यावरून सल्ला द्यावा. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी. राज्याने ल्युपसच्या कायमच्या गोळ्या आणि तपासण्या जन आरोग्य योजनेत बाह्यरुग्ण म्हणून घ्याव्यात. एका रुग्णाचे डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, आयुष्यभर चालते. त्यापुढे हा खर्च किरकोळ आहे. यासाठी नवा शोध लागायची गरज नाही. शोध लागलेले आहेत आणि पट्टी उपकेंद्रात पोहोचलेली आहे. ती कोणाची लघवी तपासायला वापरायची, हा निर्णय तेवढा जिल्ह्याने आणि राज्याने घ्यायचा आहे. तो घेण्यात जेवढा उशीर होईल, तेवढी तरुण बायकांची मूत्रपिंडे टाळता येण्याजोग्या कारणाने निकामी होत राहतील.