तिसऱ्या उन्हाळ्यानंतर मोजा

बिडकीनच्या शिवारात आता रुंद रस्ते आणि आखलेले भूखंड आहेत. ७,८५५ एकरांची ही औद्योगिक वसाहत सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. कारखान्यामागोमाग हरितपट्टा येतो, तसा इथेही येईल. पण या भागात पूर्वीही झाडं होती. बांधावर बाभळी, विहिरीपाशी लिंब. ती पर्यावरणासाठी म्हणून कुणी राखली नव्हती. बाभळीचं औत व्हायचं, शेंगा शेळ्यांना, काटे कुंपणाला. मराठ्यांच्या आरमाराला लाकूड हवं असतानाही रयतेचे आंबे-फणस तोडू नका, असं रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावलं, तेसुद्धा ती झाडं कुणीतरी वर्षानुवर्षं वाढवलेली असतात म्हणूनच. झाडाला धनी होता.

१९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला आणि झाड हळूहळू सरकारी कार्यक्रम झालं. पुढे सामाजिक वनीकरण आलं. त्यात लवकर वाढणाऱ्या सुबाभूळ-निलगिरीची चलती झाली. मग राज्य सरकारच्या वृक्षलागवडीचे आकडे. २०१६ मध्ये दोन कोटी, नंतर चार, तेरा, आणि २०१९ मध्ये थेट तेहतीस कोटी. (देवांइतकीच रोपं, हा योगायोग कुणाच्या लक्षात आला नसेल असं वाटत नाही.) २०२१ मध्ये या मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती जाहीर झाली. चौकशीचं राजकारण सोडा. मला खुपतो तो महिना. मोजणी जुलैची, आणि मराठवाड्यात रोपाची परीक्षा एप्रिल-मेमध्ये.

राळेगणसिद्धी, हिवरे बाजार या गावांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. माळ मोकळा सोडला की जमिनीत उरलेल्या मुळांना धुमारे फुटतात, हे त्यांनी दाखवलं. विचार मोठा, पण त्याची किंमत आधी भूमिहीनाच्या दोन शेळ्या मोजतात, हे आदर्श गावांच्या कौतुकात फारसं येत नाही.

झाड जगवणं म्हणजे काय, हे बिडकीनच्या भागात विचारायचं तर मोसंबीवाल्याला विचारावं. २०१२-१३च्या दुष्काळात शेजारच्या जायकवाडी धरणाने तळ गाठला होता. विहिरी आटल्या. माणसांना टँकरने पाणी येत होतं, आणि शेतकरी विकतच्या टँकरने बागा भिजवत होते. काहींनी बहार सोडून दिला, फळं नकोत, खोडं तरी राहू देत म्हणून. तरीही कितीतरी बागा वाळल्या आणि ज्यांनी लावल्या त्यांनीच त्यांच्यावर कुऱ्हाड चालवली. यांना कुणी वृक्षप्रेमी म्हणत नाही. झाडामागे पाणी, पैसा आणि झोप किती जाते, हे मात्र त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

रोजगार हमीत रोपं जगवण्यासाठीही मजुरी देण्याची सोय झाली, तेव्हा कुठे सरकारी विचार या अनुभवाच्या जवळ आला. लावणाऱ्याचा फोटो छापून येतो. पाणी घालणारीला निदान मजुरी मिळावी.

बिडकीनचा हरितपट्टा याच हिशेबाने व्हायला हवा. सांडपाणी शुद्ध करून तेच झाडांना द्यावं. शोभेच्या ताडांऐवजी लिंब, करंज, बोर, बाभूळ लावावेत. राखणीचं काम आधी, ज्यांच्या जमिनी गेल्या आणि जे त्या जमिनींवर मजुरी करत होते, त्या घरांना द्यावं. मोजणी तिसरा उन्हाळा सरल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवावी. आणि ती कंत्राटदाराने नव्हे, गावाने करावी.