हजेरीतलं टिंब

दिवाळीच्या साफसफाईत फोटो स्टुडिओतल्या सर्व्हरचीही धूळ झटकली गेली. सकाळी लिनक्स सुरू झालं, पण लग्नांचे फोटो ठेवलेला चार डिस्कचा रेड ५ अ‍ॅरे काही दिसेना. एमडीएडीएम सांगत होतं : दोनच डिस्क मिळाल्या, तेवढ्यावर भागणार नाही.

रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तर निभावतं, दोन गेल्या की सगळं अडतं. स्टुडिओतला पोरगा हुशार. तिसरी डिस्क दिसतेय, पण नोंद जुनी म्हणून नाकारली जातेय, हे त्यानं हेरलं.

"मालक, 'फोर्स' लावून तिला आत घेतो. दोन मिनिटांचं काम."

दुपारी गिऱ्हाईक अल्बम न्यायला येणार होतं. मालक हो म्हणणार, तेवढ्यात कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या ताई आल्या.

"थांब रे. आधी 'एक्झामिन' कर. त्यात डिस्कवर काही लिहिलं जात नाही."

अ‍ॅरेतल्या प्रत्येक डिस्कच्या सुपरब्लॉकमध्ये शेवटच्या नोंदीची वेळ, इव्हेंट्सचा आकडा आणि सोबतिणींची हजेरी असते. ताईंनी तिन्ही डिस्कचं सगळं कागदावर उतरवलं. जुनीची शेवटची नोंद मे महिन्यातली, हजेरी 'एएएए', म्हणजे चारही हजर. उरलेल्या दोघींवर कालची तारीख, हजेरी 'एएए' आणि पुढे टिंब.

"ही मे महिन्यातच बाहेर पडलीय, पण तिचं तिलाच माहीत नाही," ताई म्हणाल्या. "फोर्सनं अ‍ॅरे चालू झालाही असता, आणि मेनंतरच्या फोटोंत हिच्यावरचे शिळे तुकडे मिसळले असते. आता सांग, काल तीन डिस्क कामावर होत्या, आज दोन. तिसरी कुठाय?"

पोरानं कर्नलचा लॉग उघडला. एका साटा पोर्टवर लिंकच नव्हती. मशीन बंद करून झाकण काढलं, तर केबल अर्धवट निसटलेली. ती घट्ट बसवली आणि अ‍ॅरे तीन डिस्कवर उभा राहिला.

"आता लगेच नवी डिस्क लावू?" पोरानं विचारलं.

"आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी कर. रिबिल्ड करताना या तिघी अथपासून इतिपर्यंत वाचल्या जातात. त्यात एखादीनं मान टाकली तर?"

"पण मेपासून कुणाला कळलं कसं नाही?" मालक म्हणाले.

ताईंनी एमडीएडीएमची कॉन्फिग फाइल उघडून दाखवली. मेल कुणाला पाठवायची, ती ओळच भरलेली नव्हती. पोरानं तिथं मालकांचा पत्ता घातला आणि चाचणीची मेल त्यांच्या फोनवर येईपर्यंत ताई खुर्चीवरून उठल्या नाहीत.