पाच कारणं आणि एक स्टूल (गीता १८.१४)



आज अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक. कोणतंही कर्म घडायला भगवंत पाच कारणं सांगतात: अधिष्ठान, कर्ता, करणं म्हणजे इंद्रियं, निरनिराळ्या हालचाली आणि दैव. अधिष्ठान म्हणजे शरीर, असं शंकराचार्यांचं भाष्य. म्हणजे बघा, आधी शरीर, मग कर्ता!

मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. सौम्य, पण दोन्ही पाय कडक, टाचा नीट टेकत नाहीत. डिग्रीनंतर कॅम्पसमधून नोकरी लागली नाही, तेव्हा एका मोठ्या मार्टमध्ये लागलो. गोडाऊनमधून माल आणायचा, रॅकवर लावायचा, जुन्या तारखेचा पुढे, नव्या तारखेचा मागे. खालच्या फळीसाठी उकिडवं बसायचं, वर १५ लिटरचे तेलाचे डबे. दुपारनंतर पोटऱ्या इतक्या आवळायच्या की ट्रॉली धरूनच चालायचो. असे स्नायू दमले की आणखी आवळतात, जोर लावून सैल होत नाहीत. अठराव्या दिवशी सोडलं.

"जिद्द कमी पडली," जवळचेच म्हणाले. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. दोनच श्लोक पुढे भगवंत सांगतात की पाच कारणं असताना केवळ आत्म्यालाच कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही. आपण हे यशाच्या अहंकाराला लावतो. पण अपयशाचं सगळं बिल एकट्या कर्त्याच्या नावावर फाडणं, हाही तोच चष्मा ना? (आमच्याकडे सर्व्हर पडला की लॉग बघतात, कुणाची जिद्द मोजत नाहीत.)

मी बिलिंगला बसून काम मागितलं होतं. सुपरवायझर म्हणाले, "इथे कुणीच बसत नाही, तुम्हाला एकट्याला कसा स्टूल देऊ?" खरंच होतं ते. काउंटरवरच्या ताई धडधाकट, तरी संध्याकाळी गुडघे चोळायच्या. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोयीची तरतूद आली. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या सगळ्याच कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं.

आता मार्टमध्ये गेलो की मॅनेजरला विचारतो, यांना बसायला काही आहे का? तुम्हीही विचारून बघा. बहुतेकदा "वर कळवतो" एवढंच ऐकू येतं. एका ठिकाणी मात्र पुढच्या महिन्यात निळा स्टूल दिसला. त्यावर पिशव्यांचा गठ्ठा होता. तो उचलायला सांगितला.

उद्या श्लोक १५.