दुसरी रेघ

कार्बनच्या दोन अणूंमध्ये दोन रेघा ओढल्या की दुहेरी बंध झाला, एवढं दहावीत कळतं. शिरूर-दौंडची मुलं अकरावी सायन्सला गेली की त्या रेघांना नावं मिळतात: एक सिग्मा, एक पाय. गणती जमली की गुण मिळतात आणि धडा पुढे सरकतो. मला हे फार अपुरं वाटतं. कागदावर सारख्या दिसणाऱ्या त्या रेघा रेणूत सारख्या नसतात.

सिग्मा बंधाचे इलेक्ट्रॉन दोन अणुकेंद्रांच्या मधोमध दाटतात. पाय बंधाचे इलेक्ट्रॉन त्या दोन केंद्रांना जोडणाऱ्या रेषेच्या वर आणि खाली पसरतात, कारण इथे कक्षकं, म्हणजे इलेक्ट्रॉन वावरतात ते भाग, कडेकडेनेच भिडतात. पकड ढिली. एकेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ३४७ किलोज्यूल लागतात, दुहेरीला दुप्पट नव्हे, ६११च्या आसपास. पण बाहेरच्या जगाशी रेणूचा व्यवहार होतो तो या ढिल्या, उघड्यावरच्या इलेक्ट्रॉनांमुळेच.

शिरूरच्या मळ्यातून टोमॅटो जरा कच्चा तोडला तरी वाटेत लाल होतो, कारण फळ स्वतःच इथिलीन वायू सोडतं. पेशीतल्या ग्राहक प्रथिनात तांब्याचा आयन असतो; इथिलीन आपल्या पाय इलेक्ट्रॉनांनी त्यालाच बिलगतं आणि पिकण्याचा निरोप पोचतो. इथेनमध्येही कार्बन दोनच, पण पाय बंध नाही, म्हणून फळ त्याची दखल घेत नाही. कार्बाइडमधून निघणाऱ्या ॲसिटिलीनमध्ये पाय बंध आहेत, म्हणून तेही फळ पिकवतं. मात्र त्यासोबत आर्सेनिक-फॉस्फरसची विषारी संयुगं येतात. कार्बाइडवर बंदी आहे ती त्यासाठी. २०१६ साली १०० पीपीएमपर्यंत इथिलीन वापरायला परवानगी मिळाली. आणि टोमॅटोचा लाल रंग? तो लायकोपीनचा. त्यात एकाआड एक असे अकरा दुहेरी बंध असतात, इलेक्ट्रॉन साखळीभर पसरतात आणि निळा-हिरवा प्रकाश शोषून घेतात.

पाय बंधाचा हाच स्वभाव कारखान्यातही भेटतो. दौंड तालुक्यात कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी आहे. या भागातली कित्येक मुलं अशा कारखान्यांत ऑपरेटर होऊ शकतात. स्टायरीनसारखा द्रव साठवताना त्यात रोधक मिसळावा लागतो. नाहीतर त्याच्या रेणूंतले पाय बंध आपसूक उघडतात, रेणूला रेणू जुळत जातो, टाकी तापते आणि तापल्यावर हे सगळं आणखी वेगाने घडतं. टाकीवरचं तापमान दर पाळीत का नोंदवायचं, हे ऑपरेटर झालेल्या मुलाला केवळ साहेबांचा हुकूम म्हणून ठाऊक असू नये. त्याचं कारण त्याला अकरावीच्या वर्गातच, ती दुसरी रेघ ओढताना, सांगितलेलं असावं.